धक्क्यावरचा खुंटा ऊर्फ तोफ

वसाहतीत त्यांना सगळे किल्लेदार म्हणत. पाणीपुरवठा खात्यात मुख्य कारकून असलेल्या आणि दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत धाप लागणाऱ्या माणसाला हे नाव पडावं, यात लोकांचा वाह्यातपणा होता. पण किल्लेदारांनी तो बहुमान समजून खिशात घातला होता. किल्ल्यांवरच्या पुस्तकांनी त्यांच्या घरातलं कपाट वाकलं होतं. बुरूज, खंदक, दिंडी दरवाजा हे शब्द ते इतरांच्या मीठ-मिरचीसारखे वापरत. आता या गृहस्थाने आयुष्यात एकही किल्ला डोळ्यांनी पाहिला नव्हता हे खरं, पण ते फक्त बायकोला ठाऊक होतं आणि ती ते फक्त भांडणात बाहेर काढत असे.

तर या किल्लेदारांनी वसाहतीच्या वाचनालयातल्या फळ्यावर एक टिपण लिहिलं. अमुक एका मच्छीमार गावी बंदराच्या दोन टोकांना दोन किल्ले आहेत. समुद्रापलीकडून आलेल्या दोन गोऱ्या राजवटींनी एकमेकींवर डोळे वटारण्यासाठी ते बांधले. राजवटी गेल्या, किल्ले राहिले, आणि मधल्या धक्क्यावर त्यांतली एक तोफ तोंड खाली करून पुरलेली आहे. कोळी तिला होड्या बांधतात. तिच्या अंगावर, पायथ्याशी, त्या काळच्या राजाचा मुकुट कोरलेला आहे. खाली सुवाच्य सही.

दुसऱ्या दिवशी टिपणाखाली लाल खडूने एकच शब्द उमटला : ‘पुरावा?’

हे अक्षर कोणाचं, हे विचारायची गरज नव्हती. किल्लेदारांच्या समोरच्या दारात राहणारे प्रोफेसर जन्मभर पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले होते आणि आता वर्ग नसल्यामुळे वसाहतीला शिकवत होते. भाजीवाल्याने “ताजी आहे” म्हटलं तरी ते कशावरून असं विचारत. त्यांचं म्हणणं असं, की असे लोखंडी खुंटे कारखान्यात ओतून थेट बंदरावर येतात, त्यांना वर शोभेचा गोळाही असतो, आणि भोळी माणसं त्यांना तोफ समजतात. ‘भोळी’ म्हणताना त्यांनी जिन्याकडे पाहिलं आणि जिन्यात किल्लेदार होते.

एवढ्यावर भागलं असतं, पण रविवारी वाचनालयाचा वर्धापनदिन होता. त्या दिवशीचं व्याख्यान दरवर्षी प्रोफेसर देत. मागच्या वर्षी ते ‘घर्षण’ या विषयावर बोलले होते आणि श्रोत्यांना उठवायला शेवटी खुर्च्या वाजवाव्या लागल्या होत्या. यंदा कोणीतरी हळूच किल्लेदारांचं नाव सुचवलं. किल्लेदारांना त्या रात्री जेवण गेलं नाही. पुस्तकं वाचून साठवलेलं सगळं एकदा माणसांसमोर, टेबलामागे उभं राहून, शेजारी पाण्याचा पेला ठेवून सांगायचं, ही त्यांची आयुष्यातली एकुलती एक इच्छा होती.

“अवश्य बोला,” प्रोफेसर वाचनालय समितीच्या बैठकीत म्हणाले, “पण आधी तोफ सिद्ध करा. खुंट्यावर व्याख्यान द्यायला वाचनालय म्हणजे गोठा नव्हे.”

समितीने, समित्यांच्या सवयीप्रमाणे, मधला मार्ग काढला. तोफ निघाली तर किल्लेदार बोलतील. खुंटा निघाला तर प्रोफेसर बोलतील, विषय ‘घर्षण : भाग दुसरा’. त्या क्षणापासून सगळी वसाहत तोफेच्या बाजूने झाली.

किल्लेदार शनिवारी जाणार हे कळल्यावर त्यांच्या दारात सल्ल्यांची रीघ लागली. तळमजल्यावरचे शिंपीकाका म्हणाले, समुद्रावर टोपी घाला. वरच्या मजल्यावरची नर्सबाई म्हणाली, टोपी मुळीच घालू नका, उडते आणि माणूस तिच्यामागे पाण्यात जातो. जन्मात समुद्र न पाहिलेल्या एका गृहस्थांनी भरती-ओहोटी कशी ओळखावी हे समजावून सांगितलं. या सर्व सल्ल्यांत ‘दोराला हात लावू नका’ एवढं एक वाक्य कोणी उच्चारलं असतं तर पुढची कथाच झाली नसती; पण कामाचा सल्ला द्यायला म्हणून शेजारी येतच नाहीत.

प्रोफेसर तटस्थ निरीक्षक म्हणून बरोबर निघाले. किल्लेदारांची बायकोही निघाली. तिची अट एकच होती.

“त्या तोफेचं काय करायचं ते करा. पण सूर्य मावळताना मला तटावर बसायचंय. लग्न झाल्यापासून किल्ले ऐकतेय, एकदा त्यावर बसू तरी द्या.”

“वहिनी, तट खुंट्यापेक्षा नक्कीच खरा असेल,” प्रोफेसर म्हणाले आणि बसमध्ये खिडकीची जागा धरून बसले.

गावात उतरल्याबरोबर किल्लेदारांचं वय निम्म्याने उतरलं. अरुंद उतरत्या गल्ल्या, दोन्ही बाजूंना ओट्यांवर पसरलेली जाळी, बर्फ फोडण्याचा ठणठण आवाज, निळ्या-पिवळ्या होड्यांना रंग देणारी माणसं आणि सगळ्यांवर पसरलेला मासळीचा वास. त्या वासाने प्रोफेसरांनी रुमाल नाकाला लावला. किल्लेदारांनी छाती भरून घेतला. गल्ली संपली आणि समोर एकदम किल्ला उभा राहिला.

“तो पाहा! तो पाहा!” किल्लेदार ओरडले. जणू तो निघून जाणार होता.

पुस्तकातल्या चित्रात तो तळहाताएवढा होता. इथे मान मागे टाकली तरी संपेना. किल्लेदार धावत गेले, दरवाजाच्या दगडाला त्यांनी दोन्ही हात लावले आणि तसेच उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. बायकोने ते पाहिलं आणि नवऱ्याला आयुष्यात प्रथमच काही न बोलता उभं राहू दिलं. मग मात्र गृहस्थ सुटले. हा बुरूज, ही पहारेकऱ्यांची देवडी, इथून तेल ओतत, तिथून गोळे डागत! वाटेवरच्या चार अनोळखी प्रवाशांनाही त्यांनी फुकट किल्ला दाखवला, आणि जिने कसे चढले हे त्यांचं त्यांना कळलं नाही. दम लागायची आठवणच राहिली नव्हती.

वरून धक्का दिसला. धक्क्याच्या मध्यावर एक काळा लोखंडी ठोकळा, त्याच्या पायथ्याशी दोरांचे वेढे, आणि पलीकडे पाण्यात डुलणाऱ्या सहा-सात होड्या.

“तोफ!” किल्लेदार म्हणाले.

“खुंटा,” प्रोफेसर म्हणाले.

जवळ जाऊन पाहिलं तरी वाद तिथेच राहिला. ठोकळा कमरेच्या वर उंच, वर्षानुवर्षांच्या डांबराने आणि रंगाने लिंपलेला. माथ्यावर गोळा. “शोभेचा,” प्रोफेसर म्हणाले. “तोफेच्या मागच्या टोकाचा,” किल्लेदार म्हणाले. बत्ती द्यायचं भोक असलंच तर ते डांबराखाली बुजलं होतं. मुकुट असायला हवा तो पायथ्याशी, आणि पायथ्याशी दोरांच्या फासांवर फास चढलेले.

किल्लेदार पडले सरकारी माणूस. परवानगीशिवाय ते स्वतःच्या कार्यालयातली खिडकीही उघडत नसत. ते बंदर कचेरीत गेले. तिथे एका बाबूने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “खुंटा आमचाच आहे. पण तोफ म्हणताय तर आमची नाही. पुरातत्त्वात जा.”

पुरातत्त्व कचेरी किल्ल्याच्या दारातच होती. तिथले साहेब म्हणाले, “आमच्याकडे किल्ला आणि तट येतो. धक्का बंदराचा. आता जमिनीखालचा भाग जुना असेल तर तो आमचा म्हणता येईल, पण वरचा भाग त्यांचा.”

“मग मुकुट कोणाच्या भागात येतो?”

“तो सापडल्यावर ठरवता येईल.”

किल्लेदार पुन्हा बंदर कचेरीत. बाबू जेवायला गेला होता. तो आला तेव्हा किल्लेदारांनी हात जोडले. बाबू कंटाळून म्हणाला, “हे बघा काका, आमची हरकत नाही. पण परवानगीही नाही.”

हेच वाक्य किल्लेदार आपल्या खात्यात रोज लोकांना ऐकवत आले होते, आणि ते ऐकून माणसं मुकाट्याने घरी जात. पण आज ते खिडकीच्या दुसऱ्या बाजूला होते आणि त्यांच्यातला मुख्य कारकून उफाळून वर आला. हरकत नाही म्हणजे ना-हरकत. ना-हरकत मिळाल्यावर परवानगी कशाला? ते ताठ मानेने धक्क्यावर परतले आणि म्हणाले, “मंजुरी मिळाली!”

दुपारची वेळ होती. मासळी उतरवून कोळी घरोघर आडवे झाले होते. धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं आणि पाणीही अगदी स्वस्थ होतं. बेत साधा होता. फास एकेक करून वर काढायचे, पायथा मोकळा करायचा, मुकुटावर कागद ठेवून पेन्सिल घासायची, ठसा घ्यायचा, फास परत घालायचे. फक्त मधल्या काळात होड्या कोणीतरी धरायच्या.

“मी निरीक्षक आहे,” प्रोफेसर म्हणाले.

“मग हातात धरून निरीक्षण करा,” असं म्हणत किल्लेदारांनी त्यांच्या हातात दोन दोर दिले. दोन बायकोकडे गेले.

“अहो, हे काय करायचं मी?”

“काही नाही. नुसतं उभं राहायचं. होडी काय कुठे पळते?”

उरलेल्या दोरांचे फास किल्लेदारांनी स्वतःच्या कमरेत अडकवले, गुडघे टेकले, रुमालाने पायथा पुसला. त्यांनी आणखी पुसला. मग चष्मा पुसला. मग पुन्हा पायथा.

तिथे काही नव्हतं. इतकी वर्षं दोर घासून घासून लोखंड गुळगुळीत झालं होतं. मुकुट असला तरी तो कधीच झिजून गेला होता.

“घर्षण,” प्रोफेसर हळूच म्हणाले. खरं तर ते चिडवायला म्हणाले नव्हते, सवयीने म्हणाले. पण किल्लेदारांच्या काळजात ते कळ यावी तसं गेलं. ते गुडघ्यांवर तसेच बसून राहिले. टेबल, पाण्याचा पेला, समोरची माणसं, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. दुसऱ्याच्या पुस्तकातली ओळ आपण पुरावा म्हणून छातीठोकपणे फळ्यावर लिहिली, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

नेमकी तेव्हाच ओहोटी लागली.

“अहो,” बायको म्हणाली, “होडी ओढतेय.”

“थोडं धर गं.”

“थोडं नाही, बरंच ओढतेय!”

आणि मग एकदम किल्लेदारांची कंबर समुद्राकडे निघाली. पाठोपाठ किल्लेदार. प्रोफेसर टाचा रोवून मागे झुकले होते आणि तरीही पुढे जात होते. बायकोने चपला सोडल्या, पदर खोचला आणि दोन होड्या अशा धरून ठेवल्या की त्या दोघांनी शरमावं.

“दोर सोडू नका!” किल्लेदार ओरडले. “लोकांच्या होड्या आहेत!”

“तुम्ही आधी तुमची कंबर सोडवा!” बायको ओरडली.

दोर आता इतके ताणले गेले होते की फास पायथ्यापर्यंत नेणं अशक्य होतं. “वर! वरच्या गोळ्यात अडकवा!” प्रोफेसरांनी हुकूम सोडला. तिघांनी ओढाओढ करत, एकमेकांच्या पायांवर पाय देत, एकेक फास माथ्यावरच्या गोळ्यात अडकवला. शेवटचा किल्लेदारांच्या कमरेतून सुटला, त्याबरोबर ते धपकन खाली बसले. होड्या थांबल्या. सगळ्यांच्या जिवात जीव आला.

“मात्र एक सांगतो,” प्रोफेसर घाम पुसत म्हणाले, “ताण पायथ्याशी असतो तेव्हा गोष्ट वेगळी. माथ्याशी लावला की ती तरफ होते. तरफेत जोर जितका लांब लावाल तितका—”

कर्रर्र, असा आवाज झाला.

ठोकळा हलला. मग संथपणे, एखाद्या वडीलधाऱ्या माणसाने नमस्कार घ्यायला वाकावं तसा, तो समुद्राकडे झुकला. पायथ्याचा चुना तडकला, दगडी फरशीचा एक तुकडा उडाला आणि मागच्या बाजूला जमिनीत गुडघाभर खड्डा पडला. प्रोफेसरांचं वाक्य अर्धंच राहिलं, पण सिद्ध मात्र पूर्ण झालं.

पुढचा काही वेळ नुसता गलका होता. आवाज ऐकून घराघरांतून माणसं धावत आली. एका धिप्पाड कोळिणीने किल्लेदारांना दंडाला धरून बाजूला ठेवलं. तिच्या नवऱ्याने आणि दिरांनी होड्या ओढून दुसऱ्या खुंट्यांना बांधल्या.

“कोणी सांगितलं होतं हात लावायला?” ती कडाडली.

“मंजुरी होती,” किल्लेदार म्हणाले.

“कोणाची?”

किल्लेदारांना त्या मंजुरीचं वाक्य तिला ऐकवायचा धीर झाला नाही. त्यांनी नजर वळवली, आणि वळवली ती थेट खड्ड्यात. तिथे जमिनीखालून, ठोकळ्याच्या कुशीतून, मनगटाएवढ्या जाडीचा एक आखूड लोखंडी दांडा आडवा बाहेर आला होता.

किल्लेदार खड्ड्यात जवळजवळ उडी मारून उतरले. “प्रोफेसर! दांडा! अहो, दांडा! तोफेला दोन बाजूंना दोन दांडे असतात, गाड्यावर टेकवायला! खुंट्याला कशाला हवेत दांडे? सांगा ना! कशाला हवेत?” त्यांचे कपडे डांबराने माखले होते, चष्मा एका कानावर लोंबत होता, आणि ते नाचत होते.

प्रोफेसर खाली वाकले. त्यांनी दांड्यावरून हात फिरवला, दुसऱ्या बाजूची माती उकरून तिथलाही दांडा चाचपला.

तेवढ्यात दोन्ही कचेऱ्या धावत आल्या. सकाळी ज्या वस्तूला कोणी वाली नव्हता तिला आता दोन मालक मिळाले.

“खुंटा आमचा आहे,” बंदराचा बाबू म्हणाला. “थोडं सिमेंट घालू, सरळ करू, विषय संपला.”

“खुंटा असेल तर विषय संपला,” पुरातत्त्वाचे साहेब म्हणाले. “पण तोफ असेल तर ती आमची. आणि पुरातन वस्तूला धक्का लावणं हा गुन्हा आहे. पंचनामा होईल, चौकशी होईल. तुम्ही काय करता?”

“पाणीपुरवठा खात्यात मुख्य कारकून.”

“सरकारी नोकर? म्हणजे तुमच्या खात्यालाही कळवावं लागेल. निवृत्ती कधी?”

“जवळ आलीय,” बायको मध्येच म्हणाली.

साहेबांनी कागद काढला. “वस्तूचं वर्णन काय लिहू?”

मग प्रोफेसर पुढे आले, घसा साफ केला आणि वर्गात बोलावं तशा ठणठणीत आवाजात म्हणाले, “खुंटा लिहा. मी पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक आहे. ही वस्तू कारखान्यात ओतलेला साधा खुंटा आहे. मी आधीपासून हेच सांगतोय.”

“खबरदार!” किल्लेदार खड्ड्यातून गरजले.

“अहो, गप्प बसा की,” प्रोफेसर दातांत बोलले. “तुम्हाला सोडवतोय मी.”

“मला नाही सुटायचं! तुम्ही दांड्याला हात लावलाय. या दांड्याची शपथ घेऊन सांगा, खुंटा आहे?”

“अहो,” बायको खड्ड्याच्या काठावर बसून कळवळून म्हणाली, “एकदा खुंटा म्हणा ना! इथे म्हणा, घरी गेल्यावर जन्मभर तोफ म्हणा. मी ऐकेन.”

किल्लेदारांनी तिच्याकडे पाहिलं. मग साहेबांच्या कागदाकडे, मग तोफेकडे. एवढी वर्षं अब्रूने केलेली नोकरी एका बाजूला होती. निरोपसमारंभात सगळे काय म्हणतील तेही दिसत होतं. हात मात्र दांड्यावरून निघत नव्हता.

“तोफ आहे, साहेब,” ते म्हणाले. आवाज बारीक होता पण स्पष्ट होता. “मी हलवली. तोफच लिहा.”

साहेबांनी सुस्कारा सोडला आणि लिहायला घेतलं. बंदराचा बाबू चडफडत निघून गेला. “आरोपी एक,” साहेब लिहिता लिहिता म्हणाले, आणि प्रोफेसरांकडे वळले. “तुम्ही शिकलेले गृहस्थ आहात. साक्षीदार म्हणून तुमची सही घेतो. वर्णन वाचून घ्या. ‘ऐतिहासिक तोफ’ लिहिलंय, तुमची हरकत असेल तर आताच सांगा.”

प्रोफेसरांनी कागद घेतला. ती ओळ त्यांनी दोनदा वाचली. जन्मभर त्यांनी पुराव्याशिवाय काही मानलं नव्हतं, आणि पुरावा त्यांच्या बोटांना डांबर लावून समोर उभा होता.

“हरकत नाही,” ते म्हणाले. “तोफच आहे. पण मला साक्षीदार होता येणार नाही.”

“का?”

“माथ्याला दोर अडकवा, हे मीच सांगितलं. तरफ मी केली. माझं नाव आरोपींत घाला.” आणि किल्लेदारांकडे न बघता त्यांनी पुढे जोडलं, “रविवारी तुमच्या व्याख्यानाला मी पहिल्या रांगेत बसेन. पण तरफेचा मुद्दा चुकवलात तर मध्येच उठून बोलेन, आधीच सांगून ठेवतो.”

किल्लेदार खड्ड्यातून वर आले आणि त्यांनी प्रोफेसरांना घट्ट मिठी मारली. निम्मं डांबर इकडून तिकडे गेलं. दोघंही आरोपी इतके खुशीत होते की साहेबांनी ‘आरोपी’ हा शब्द पुन्हा एकदा तपासून पाहिला. ती कोळीण पदरात तोंड लपवून हसत होती.

“ते सगळं ठीक आहे,” साहेब म्हणाले, “पण मग साक्षीदार कोण? झालेला प्रकार सुरुवातीपासून पाहिलेलं कोणी आहे का इथे?”

“मी आहे ना!” किल्लेदारांची बायको ताडकन उठली. तिने हात पुसले, साहेबांच्या हातातून पेन जवळजवळ ओढूनच घेतलं आणि सूर्य मावळतीला आला होता म्हणून तटाच्या जागी जवळच्या दगडावरच ऐसपैस बसून तो कागद मांडीवर घेतला. “सुरुवातीपासून म्हणजे कुठून, साहेब? लग्नापासून सांगू? तुमच्याकडे आणखी कागद आहेत ना?”